बुधवारच्या बायका आणि तुझ्या आईचा निबंध

ये बाई, अशी जवळ ये. आता कागदावर कसली जवळ येणार म्हणा, पण समोर कुणीतरी बसलंय असं मानल्याशिवाय मला लिहायला सुचत नाही. तर बस, आणि आधी चार बोलणी खा. गणपतीत येते म्हणालीस, आली नाहीस. दिवाळीत आलीस ती विमान बदलताना दोन तास, त्यातला एक तास फोनचा चार्जर शोधण्यात गेला. आणि आता कॉलेजातून सात प्रश्नांची यादी पाठवतेस. एटीजमध्ये अमेरिकेतलं लिटरेचर आणि सोसायटी कशी बदलत होती, तुला काय आठवतं, आजी, शॉर्टमध्ये लिही. अगं, तुझ्या आजीनं आयुष्यात कधी काही शॉर्टमध्ये सांगितलंय का? भाजी काय केली विचारलंस तर मी ती मंडईतून निवडून आणण्यापासून सुरू करते. तेव्हा तुझी यादी मी बाजूला ठेवली आहे. मला जे आठवतं ते लिहिते, त्यातून तुझं तू काय ते काढून घे.

तुझे आजोबा तेव्हा ॲन आर्बरला युनिव्हर्सिटीत होते, मोटारीच्या इंजिनाच्या धुरावर संशोधन करायचे. मी त्यांना म्हणायची, माणसं धूर टाळतात आणि तुम्ही त्याच्यामागे धावत सातासमुद्रापार आलात. मी अमरावतीची, मराठी शाळेतली मॅट्रिक. इंग्लिश म्हणजे परीक्षेपुरते पाठ केलेले निबंध. गाईवर आणि पोस्टमनवर. ॲन आर्बरला गाय दिसेना आणि पोस्टमन गाडीतून खाली उतरेना, त्यामुळे माझं इंग्लिश जागच्या जागी अडलं.

शहराच्या लायब्ररीत दर बुधवारी सकाळी साडेदहाला बाहेरून आलेल्या बायकांसाठी इंग्लिशचा क्लास असायचा. शिकवायला तिथल्याच एक बाई. पिकलेले आखूड केस, अंगात लोकरीचा स्कर्ट आणि पायांत पळायचे बूट. वर्षभर त्यांनी मला शिकवलं आणि एक दिवस माझी खुर्चीच उचलून शेजारच्या टेबलाशी ठेवली. म्हणाल्या, "या टेबलावरचं तुमचं झालं. आता इथे बसा."

शेजारच्या टेबलावर पुस्तकं वाचून त्यांच्यावर बोलणाऱ्या बायका बसायच्या. महिन्याला एक पुस्तक. घरी मात्र सगळे 'आईचा इंग्लिश क्लास'च म्हणत राहिले, आणि मीही कधी दुरुस्त केलं नाही. का नाही केलं, ते पुढे कळेल.

त्या टेबलावरच्या दोघी तुला सांगायला हव्यात. एक स्कूलबस चालवायची. कृष्णवर्णीय, धिप्पाड, सकाळची फेरी संपवून गणवेशातच यायची, मला 'हनी' म्हणायची. दुसरी उंच, फिक्या डोळ्यांची गोरी बाई, तिच्या नवऱ्याला डेट्रॉइटकडच्या मोटारीच्या कारखान्यातून घरी बसवलं होतं. वीस वर्षं दारं बसवणारा माणूस. आता दिवसभर घरातली दारं उघडतो आणि बिजागऱ्यांना तेल घालतो, असं ती सांगायची. हसत सांगायची, पण कुणी हसायचं नाही. शिवाय युनिव्हर्सिटीतली एखादी विद्यार्थिनी असायची, ती दर सत्राला बदलायची, पण बोलायची तेच.

सुरुवातीला आम्ही जुनी पुस्तकं वाचली. त्यांत पुरुष समुद्रावर जायचे, जंगलात जायचे, लढाईवर जायचे, आणि बायका खिडकीशी उभ्या. मी म्हटलं, ठीक आहे, आपल्याकडेही खिडक्या आहेतच. मग बाईंनी आम्हाला दाराजवळचा नवा रॅक दाखवला. त्या रॅकवर दर महिन्याला कुणीतरी नवीन माणूस बोलायला लागलेला असायचा. खाणकामगाराची मुलगी. गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईची नात. व्हिएतनामहून परतलेल्या नवऱ्याशेजारी झोपायला घाबरणारी बायको. ज्यांच्या स्वयंपाकघरात आजवर पुस्तकवाला कुणी शिरला नव्हता, ती माणसं स्वतःच आतून दार उघडून म्हणत होती, या, बघा. आणि मी बघत होते. हा देश मला रस्त्यावरून, बसमधून कळला नव्हता. रस्त्यावर सगळे 'हाय' म्हणून हसतात. तो मला त्या रॅकवर कळला.

एक गंमत सांगते. त्या वर्षांत काही लेखक अगदी छोटी छोटी वाक्यं लिहायचे. नोकरी गेलेला माणूस सोफ्यावर बसतो. फ्रिज बंद पडतो. बायको काही बोलत नाही. संपलं. मला वाटलं, या बिचाऱ्याचं इंग्लिश माझ्यासारखंच कच्चं असणार. मी तसं टेबलावर म्हटलंही. विद्यार्थिनी मला शैलीबद्दल समजावून द्यायला लागली. पण कारखानावाली बाई म्हणाली, "नाही, नोकरी गेली की घरात लोक असेच बोलतात." मग विद्यार्थिनीनं वही मिटली.

आता माझ्या वेडेपणाबद्दल. पहिल्यांदा लायब्ररीचं पुस्तक घरी आणलं, तेव्हा मी जून महिन्यात शाळेची पुस्तकं आल्यावर करतात तेच केलं. ग्रोसरीची ब्राउन पिशवी उसवली, इस्त्री फिरवली, घड्या घालून झकास कव्हर घातलं, चिकटपट्टीनं पक्कं केलं आणि वर सुवाच्य अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं. परत करताना बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं. म्हणाल्या, "फार सुंदर झालंय. पण आता हे पुस्तक तुमचंच आहे असं सगळ्यांना वाटेल." मग चिकटपट्टी आणि नाव मी सोडलं. कव्हर नाही सोडलं. हळदीचे हात लागू नयेत हे एक कारण. दुसरं असं, की घरी येणाऱ्या काकवांना पुस्तकावरचं चित्र दिसू नये.

वाचायची वेळ एकच. साडेसहाला सगळ्यांना गरम पोळ्या वाढायच्या. तुझे आजोबा आणि तुझी आई जेवून उठले, आजोबा बातम्यांसमोर आणि ती अभ्यासाला गेली, की शेवटच्या दोन पोळ्या मी माझ्यासाठी लाटायची. ताट ओट्यावर, पुस्तक कणकेच्या डब्याला टेकवलेलं, आणि मी उभी. एक घास, एक पान. वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत मला कुणी हाक मारायचं नाही, कारण आई जेवतेय. बसले असते ना टेबलाशी, तर कुणीतरी येऊन समोर बसलं असतं, आणि मग माझा रुमाल कुठेय आणि उद्या डब्यात काय, सुरूच झालं असतं. उभ्या बाईशी कुणी गप्पा मारायला बसत नाही. हे माझं मीच शोधून काढलं होतं.

तुझी आई दहा-अकरा वर्षांची असताना एकदा जॅमचे हात घेऊन तिथे आली. "आई, व्हॉट आर यू रीडिंग?" आता त्या पानावर एक बाई नवऱ्याला सोडून, दोन मुलं घेऊन, बसस्टँडवर सँडविच खात बसली होती. पोरीला काय सांगू? तोंडातून निघून गेलं, "पोथी आहे. हात लावू नकोस." ती चटकन मागे सरली. गुरुवारची पोथी मी खरंच वाचायची आणि तिलाही ब्राउन कव्हरच होतं, त्यामुळे पोरीला शंका यायचं कारण नव्हतं. मला सोय झाली. पुढची पाच वर्षं घरात पोथी चालू राहिली.

एका बुधवारी आमच्या टेबलावर वाद झाला. पुस्तक होतं एका मुलीनं स्वतःच्या घराबद्दल लिहिलेलं. बाप दारू पिणारा, आई ते झाकणारी, आणि मुलीनं सगळं लिहून टाकलेलं. कारखानावाली चिडली होती. म्हणाली, "तो माणूस मेलाय, त्याला उत्तर देता येत नाही. घरचं असं चारचौघांत मांडायचं नसतं."

बसवाली म्हणाली, "मग कुणी मांडायचं? शेजाऱ्यांनी?"

मी एरवी फार बोलायची नाही. वाक्य आधी मनात जुळवायची, तोवर विषय पुढे गेलेला असायचा. त्या दिवशी मात्र न जुळवता बोलले. "आई गप्प बसली म्हणून मुलीनंही गप्प बसायचं का? तिनं लिहिलं ते बरोबर केलं."

बसवालीनं टेबलावर थाप मारली. लायब्ररीतल्या बाई माझ्याकडे बघून हसल्या. घरी येताना बसमध्ये मी इतकी खूश होते की माझा स्टॉप मागे गेला आणि बर्फातून दोन स्टॉप चालत आले.

पुढच्याच आठवड्यात तुझी आई टाइप केलेले दोन कागद आणि एक फॉर्म घेऊन स्वयंपाकघरात आली. तेव्हा ती सोळा वर्षांची. इंग्लिशच्या टीचरनी घराबद्दल खरं खरं लिहायला सांगितलं होतं. हिचं त्यांना फार आवडलं होतं. शहरातल्या मुलांच्या लिखाणाचं एक छोटं पुस्तक निघणार होतं, त्यात घेणार होते. आईवडिलांची सही शुक्रवारपर्यंत.

"वाच ना," ती म्हणाली. "इट्स अबाउट यू."

मी हात पुसून वाचायला घेतलं. लिहिलं छान होतं, ते आधी सांगते. पण काय लिहिलं होतं? की माझी आई सगळ्यांना जेवायला घालते आणि मग स्टोव्हपाशी उभी राहून, आमच्याकडे पाठ करून, उरलेलं जेवते. जेवताना ती धर्माची पोथी वाचते, वर्षानुवर्षं तीच एक पोथी. तिला कुणी बस म्हणत नाही आणि तीही बसत नाही. मला काय हवं, असं म्हणायला तिला कुणी शिकवलंच नाही. शेवटी असं, की मी मोठी झाले की बसून जेवेन.

माझे कान तापले. बाई गं, हे माझ्याबद्दल?

"सही नाही करणार," मी म्हटलं. "घरातलं घरात राहू दे."

"बट इट्स ट्रू."

"मला काय हवं ते म्हणता येत नाही? काल शू रॅक हवा म्हणून तुझ्या बाबांचं डोकं कुणी खाल्लं?"

"दॅट्स नॉट व्हॉट आय मीन, आई. तू कधी काही बोलतच नाहीस. रिअल काही." तिचे डोळे भरले होते. "मी हे लिहिताना रडले. तुझ्यासाठी रडले. आणि तू म्हणतेस घरात राहू दे."

ती वर गेली. दार आपटलं नाही, हळूच लावलं, ते जास्त लागलं. मी ओट्याशी उभी. आठवड्यापूर्वी टेबलावर मीच काय म्हणून आले होते, ते मला शब्दन् शब्द आठवत होतं. दुसऱ्याच्या आईबद्दल बोलणं किती सोपं असतं, बघ.

आणि खरी अडचण तुला सांगू का? नुसती लाजेची नव्हती. ती पोथी नाही, मी बिचारी नाही, मी मजेत असते, हे पोरीला सांगायचं तर माझी वीस मिनिटं उघडी करायला लागणार होती. त्या घरात सगळं सगळ्यांचं होतं. तेवढंच एक माझं एकटीचं होतं. ते द्यायचं नसेल तर पोरीला नाही म्हणायचं, किंवा तिच्या पुस्तकात जन्मभराची बिचारी होऊन राहायचं.

बुधवारी ते कागद पर्समध्ये घालून मी लायब्ररीत गेले. पुस्तकाची चर्चा सुरू व्हायच्या आधीच टेबलावर ठेवले. त्यांनी आळीपाळीनं वाचले.

कारखानावाली म्हणाली, "आता कळलं मी का चिडले होते?" टोमणा होता, पण तिनं माझ्या हातावर हात ठेवला होता.

बसवालीनं कागद दोनदा वाचले. चष्मा काढून म्हणाली, "हनी, हे खरं आहे का?"

"नाही," मी म्हटलं. आणि मग सगळं सांगितलं. पोथी, कव्हर, बसस्टँडवरची बाई, वीस मिनिटं. सांगता सांगता बायका हसायला लागल्या, इतक्या की पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी शूऽऽ केलं. बसवालीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "मग तुझी तक्रार वेगळी आहे. तिनं लिहू नये ही तक्रार नाही. तिनं चुकीचं लिहिलंय, आणि चुकीचं का लिहिलं, तर तू तिला खोटं सांगितलंस."

लायब्ररीतल्या बाई एवढंच म्हणाल्या, "आपण इथे पाच वर्षं दुसऱ्यांच्या आया वाचतोय."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तुझी आई शाळेतून आली. मी तिला ओट्यापाशी बोलावलं आणि चालू पुस्तक कव्हरसकट तिच्या हातात दिलं. ती हात मागे घेत म्हणाली, "मी शूज काढले नाहीत अजून."

"उघड."

तिनं उघडलं. इंग्लिश बघून पान उलटलं, परत उलटलं. मग उभ्या उभ्या अर्धं पान वाचलं. ते जरा तसलंच पान निघालं, माझं नशीब. "यू रीड धिस? तू?"

"पाच वर्षं झाली. तुझी पोथी ती हीच."

मला वाटलं, ती खोटेपणाबद्दल रागावेल. पण पोरीचं वेगळंच. कागदांकडे बघत म्हणाली, "माझा एंडिंग गेला, आई. माझा पूर्ण एंडिंग गेला." आणि खरंच रडायला लागली. मी तिला बसवलं, मग स्वतःही समोर बसले, आणि आम्ही दोघी त्या टेबलाशी तासभर बोललो. उभी का राहते ते सांगितलं. बसस्टँडवरच्या बाईचं पुढे काय झालं तेही सांगितलं, कारण तिनं विचारलं.

तेवढ्यात तुझे आजोबा आले. आमचे चेहरे बघून दारातच थबकले. "काय झालं?"

"बाबा, डू यू नो आई पोथी वाचत नाही?"

आजोबांनी शांतपणे टोपी काढली, मफलर काढला. "पोथीवर परत करायची तारीख कोण छापतं?" म्हणाले. "मागच्या पानावर शिक्का असतो. तुझी आई दोनदा विसरली, तेव्हा मीच नेऊन दिली."

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"तू जेवत होतीस," ते म्हणाले, आणि बातम्या लावायला गेले.

त्या माणसानं पाच वर्षं मला त्या वीस मिनिटांत एकदाही हाक मारली नव्हती. मला वाटत होतं, ती युक्ती माझी आहे. त्यांचे ते तीन शब्द ऐकून मला जे कळलं, ते मी इतकी पुस्तकं वाचूनही कुठे वाचलं नव्हतं. असो. ते नाही लिहीत.

तुझ्या आईनं रात्रीतून नवा निबंध लिहिला. शुक्रवारी सकाळी मी फॉर्मवर सही केली आणि तिला म्हटलं, "कुठला द्यायचा ते तू ठरव. पहिला दिलास तरी मी काही म्हणणार नाही." हे म्हणताना माझी काय अवस्था होती ते मला माहीत. पण आता ते लिखाण तिचं होतं.

तिनं दुसरा दिला. टीचरनी दोन्ही वाचले आणि सरळ सांगितलं, पहिल्यात जास्त दम होता. दुसऱ्यातली आई गमतीदार आहे, पण वाचणाऱ्याला धक्का बसत नाही. आणि निवडणाऱ्यांनी पहिलाच वाचून पसंत केलाय, दुसरा आता वेळेत वाचला जाईलच असं नाही. पहिला छापायचा का? तुझी आई म्हणाली, नाही, तो खरा नाही. पुस्तक आलं, त्यात ती नव्हती.

मला अपराधी वाटलं, नाही कशाला म्हणू. पण एक गोष्ट तेव्हा लक्षात आली, ती तुझ्या सात प्रश्नांपैकी कुठल्यातरी एकाचं उत्तर असेल. तो काळ मोठा चांगला होता, कधी न बोललेली माणसं बोलायला लागली होती आणि लोक कान देऊन ऐकत होते. पण ऐकणाऱ्यांनाही हळूहळू सवय लागली होती की आमच्यासारखींच्या स्वयंपाकघरात दुःखच असणार. तिथे एखादी बाई मजेत पुस्तक वाचत उभी असेल, हे त्यांच्या यादीत नव्हतं. माझ्या पोरीच्याही नव्हतं. तिनं ते दुःख स्वतःच्या हातानं खोडलं, सोळाव्या वर्षी.

वसंताची सुट्टी लागली, तेव्हा मी तिला बुधवारी माझ्याबरोबर नेलं. तिनं तो न छापलेला निबंध आमच्या टेबलावर वाचून दाखवला. पाच-सहा बायका आणि कोपऱ्यातला ऊब देणारा रेडिएटर, एवढेच श्रोते. वाचून झाल्यावर कारखानावालीनं ते कागद मागून घेतले आणि नीट जुळवले. मग म्हणाली, "वाचताना तू मधूनमधून आईकडे बघत होतीस. हे बरं केलंस." तिच्याकडून एवढं म्हणजे खूप होतं.

त्यानंतर माझी वीस मिनिटं गेली, ते मात्र खरं. तुझी आई मुद्दाम ओट्याला टेकून उभी राहायची, "आता कुठे पोचलीस?" म्हणून. मला थोडं वाईट वाटायचं आणि बरंही वाटायचं. दोन वर्षांनी ती कॉलेजला गेली, मग पुलांची इंजिनिअर झाली, पुन्हा काही लिहिलं नाही. मी कधी विचारलं नाही, का म्हणून. कारखानावाल्या जोडप्यानं घर विकून टेक्सासची वाट धरली. बसवालीची ख्रिसमसची कार्डं कितीतरी वर्षं यायची, पाकिटावर माझ्या नावाचं स्पेलिंग दर वर्षी वेगळं. ती जुनी इमारतही आता ओळखू येत नाही म्हणतात. पण कधी बुधवार सकाळ उजाडली की साडेदहाला मला अजून घराबाहेर पडावंसं वाटतं. तुझे आजोबा असते तर विचारलं असतं त्यांनी, क्लासला निघालीस का.

आता तू माझ्याबद्दल लिहिणार आहेस, हे तुझ्या प्रश्नांवरूनच मला कळलंय. लिही, खुशाल लिही. सहीबिही काही लागणार नाही. पण नुसत्या पत्रातल्या उत्तरांवर लिहू नकोस. इथे ये, चार दिवस राहा, मी कशी उठते-बसते ते बघ, उलटसुलट विचार, मी थापा मारतेय असं वाटलं तर आईला फोन लावून खात्री कर. मला आता एअरपोर्टपर्यंत गाडी चालववत नाही, पण शेजारच्या मावशी येतात घ्यायला, त्यांना सांगून ठेवलंय. तिकीट काढलंस की दिवस कळव. या महिन्यातच ये बाई, लवकर ये.